पाच हजार गाणी आणि एक पेनड्राइव्ह

पाच हजार गाणी म्हणजे नेमकी किती, याचा हिशोब मी कारवाँ घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात केला. एका गाण्याला सरासरी चार मिनिटं धरली, तर वीस हजार मिनिटं होतात. म्हणजे साधारण ३३३ तास. न झोपता, न थांबता ऐकत बसलं तर चौदा दिवसांत डबा संपेल. आमच्याकडे तो सकाळी तासभर आणि संध्याकाळी अर्धा तास वाजतो. त्या मानानं सात-साडेसात महिने पुरावा. हा आकडा मला फार आवडला. हातातल्या फोनवर कोट्यवधी गाणी आहेत, ती कुणी कधी संपवणार नाही, आणि म्हणूनच की काय, ती आपल्याकडे आहेत असं कधी वाटतही नाही. कारवाँ मात्र संपू शकतो. ज्याला पहिलं आणि शेवटचं पान असतं, त्याचं परीक्षण करता येतं. पुस्तकाचं करतो तसं. यात कुणाला घेतलं, कुणाला वगळलं, भाग कसे पाडले, संपादक कोण, आणि त्यानं प्रस्तावनेत काय सांगायचं टाळलं, हे सगळे प्रश्न या डब्याला विचारता येतात. यंत्र म्हणून तो कसा आहे, आवाज किती खणखणीत, बॅटरी किती टिकते, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला संपादनाबद्दल बोलायचं आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: 'कारवाँ' २०१७ साली सारेगामा कंपनीनं बाजारात आणला. दिसायला साठ-सत्तरच्या दशकातल्या ट्रान्झिस्टरसारखा, पुढे जाळी, एक मोठं गोल बटण, आणि आत आधीच भरलेली पाच हजार जुनी हिंदी गाणी. इंटरनेट लागत नाही. वर एफएम, ब्लूटूथ आणि मागे पेनड्राइव्ह लावायची खाच. पुढे मराठीसकट इतर भाषांतले कारवाँही आले. मुलांनी आईवडिलांना भेट द्यावी, असा जाहिरातींचा रोख होता, आणि लोकांनी तो मनावर घेतला. गेल्या काही वर्षांत कुणाच्या साठीला, पंचाहत्तरीला गेलात तर रंगीत कागदात गुंडाळलेला एखादा तरी कारवाँ तुम्ही पाहिला असेलच. सारेगामा म्हणजे पूर्वीची ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, अर्थात कुत्र्याच्या चित्राची एचएमव्ही. हा तपशील लक्षात असू द्या. या लेखातलं निम्मं दुखणं तिथेच आहे.

आमच्या घरात तो आला तो कुणाच्या वाढदिवसासाठी नाही. आई शहात्तरची आहे, पण ती फोन चांगला वापरते, यूट्यूबवर कीर्तनं ऐकते, त्यामुळे 'बिचाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सोपं पडावं म्हणून' वगैरे कारण आमच्याकडे लागू नव्हतं. मला स्वतःलाच हवा होता. गाणं लावायचं म्हणून फोन हातात घ्यायचा आणि वीस मिनिटांनी भानावर यायचं, तेव्हा गाणं लावलेलंच नसायचं, याचा कंटाळा आला होता.

पहिल्या पंधरा दिवसांत लक्षात आलेली गोष्ट अगदी साधी होती. कणकेच्या हातानं फोन चालत नाही, बटण फिरवता येतं. ओल्या बोटाला काच दाद देत नाही. आई कोपरानंही आवाज कमी करते. स्वयंपाकघर ही गाणं ऐकायची मुख्य जागा आहे, हे ज्यानं हे बटण एवढं मोठं केलं त्याला ठाऊक असावं, निदान मी तसं समजून त्याला दुवा देते. सकाळी डबा ओट्यावर असतो, दुपारी आईच्या खोलीत, संध्याकाळी गॅलरीत कपडे काढताना कठड्याजवळच्या स्टुलावर. वीज गेली तरी काही तास वाजतो. घरभर असं हातात उचलून नेलं जाणारं दुसरं काय आहे, असा विचार केला तेव्हा पूर्वीचा रॉकेलचा कंदील आठवला.

दुसरी गोष्ट कळायला थोडा वेळ लागला. यात हवं ते गाणं शोधता येत नाही. एखाद्या गायकाचं किंवा संगीतकाराचं दालन उघडता येतं, पुढचं-मागचं करता येतं, पण 'अमुक गाणं लाव' हे नाही. एखाद्या तिशीच्या मुलाला हा दोष वाटेल. पण याच्यामुळेच ऐकण्याला पुन्हा एक जुनी सवय लागली, समोर येईल ते ऐकायची. न मागितलेलं गाणं ऐकताना आपण वेगळे कान लावतो. मागून घेतलेलं गाणं आपण बहुधा तपासतो, आठवणीशी जुळतंय ना एवढंच. आयतं आलेलं मात्र खरोखर ऐकू येतं. मदन मोहनच्या दालनात मला माहीत नसलेली तीन गाणी पहिल्याच आठवड्यात सापडली. मी त्यांना शोधायला कधीच गेले नसते, कारण ती आहेत हेच ठाऊक नव्हतं.

आता थोडं मागे जायला हवं, कारण बरोबर नेता येणाऱ्या संगीताची गोष्ट सहसा वेगळ्या तऱ्हेनं सांगतात. ती गोष्ट १ जुलै १९७९ला सुरू होते. त्या दिवशी सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये विक्रीला आला. त्या पहिल्या मॉडेलला हेडफोन लावायच्या दोन खाचा होत्या, आणि 'हॉटलाइन' नावाचं एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली जायचा आणि छोट्या मायक्रोफोनमधून शेजारच्याशी बोलता यायचं. एकट्यानंच ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल, अशी धास्ती सोनीच्या अकिओ मोरिता यांना होती. ती धास्ती व्यर्थ ठरली. लोकांना एकट्यानंच ऐकायचं होतं. पुढे ते बटण गेलं, दुसरी खाचही गेली. शुहेई होसोकावा यांचा १९८४चा 'द वॉकमन इफेक्ट' हा निबंध असो की आयपॉडवरची मायकेल बुल यांची पुस्तकं, या विषयावरच्या लिखाणाचा सूर पुढे हाच राहिला: शहरातला माणूस कानात गाणं घालून स्वतःभोवती एक खोली बांधतो आणि त्या खोलीसकट फिरतो. हे खरंच आहे. विरार लोकलमध्ये सकाळी ८ वाजता उभं राहिलेल्या बाईला ती खोली किती लागते, हे मी अनुभवानं सांगू शकते. तिथे इअरफोन ही चैन नसते.

पण या कानातल्या खोलीत दादीला जागा नाही. आपल्याकडे ऐकणं ही तोंडानं करायची क्रियाही आहे. सम आली की मान हलते, 'अहाहा' निघतं, शेजारच्याकडे पाहिलं जातं. गाणारा समोर नसला तरी हे होतं. रेडिओसमोरही होत असे. लोकलमध्ये इअरफोन लावून कुणी 'क्या बात है' म्हणालं तर चार बायका चमकून बघतील. तिथे मान फक्त आतल्या आत हलते. कारवाँचं पहिलं श्रेय मी हे मानते, की त्यानं गाणं कानातून काढून परत ओट्यावर ठेवलं. तलत लागला की आई पोळी लाटता लाटता थांबते आणि म्हणते, "याला कुणी ओरडायला शिकवलंच नाही." ही दाद आहे, आणि समीक्षाही. तिच्या या अर्ध्या वाक्यासाठीही हा डबा मला पैसे वसूल वाटतो. मोरितांच्या त्या नारिंगी बटणाला जे साधायचं होतं ते इथे बटणाशिवाय होतं.

इथपर्यंत सगळं गोड. आता संपादनाकडे येते.

डब्याची अनुक्रमणिका मुख्यतः नावांची आहे. गायक, संगीतकार, गीतकार. लता, रफी, किशोर, आर. डी. बर्मन, गुलजार, जगजीत सिंग. हे आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं, की यामागे मोठी झटापट आहे हे विसरायला होतं. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जाननं पहिल्या तबकड्या भरल्या, तेव्हा गाण्याच्या शेवटी ती स्वतःच इंग्रजीत आपलं नाव सांगायची. तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या, आणि तिथे हे कुणाचं गाणं आहे ते कळायला हवं म्हणून, असं त्याचं कारण सांगतात. कारण काहीही असो, बाईनं आपलं नाव स्वतःच्या तोंडून तबकडीत कोरून ठेवलं. त्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी, १९४९च्या 'महल'मधल्या ज्या गाण्यानं लता मंगेशकर घराघरांत पोचल्या, त्याच्या पहिल्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. गाणारीचं नव्हे. आज त्याच कंपनीच्या डब्यावर 'लता' हे स्वतंत्र दालन आहे आणि बहुतेक घरांत तेच सगळ्यात जास्त उघडलं जात असणार. नाव मिळायला काय लागतं, याची आठवण म्हणून मी ते दालन उघडताना कधी कधी मुद्दाम थांबते.

म्हणून ज्यांची नावं अजून आलेली नाहीत, त्यांच्याकडे लक्ष जातं. माझ्या डब्यात अरेंजरचं दालन नाही. हिंदी गाण्यातली व्हायोलिनांची भिंत, मधल्या संगीताचे तुकडे, दोन कडव्यांच्या मध्ये गाणं जिथे श्वास घेतं ती जागा, यांतलं बरंचसं काम गोव्याहून आलेल्या, स्टाफ नोटेशन वाचू-लिहू शकणाऱ्या वादकांनी आणि अरेंजरांनी केलं. सेबास्टियन डिसोझा हे शंकर-जयकिशनांच्या आणि ओ. पी. नय्यरांच्या गाण्यांमागचे अरेंजर. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांचे व्हायोलिनचे गुरू. या गुरूंचं नाव १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'त शिष्यानं गाण्यात घातलं, आणि साऱ्या देशाला ते तोंडपाठ झालं ते ईस्टरच्या अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचं नाव म्हणून! यापेक्षा कडू विनोद मला माहीत नाही. ग्रेगरी बूथ यांच्या 'बिहाइंड द कर्टन' या २००८च्या पुस्तकात या वादकांच्या मुलाखती आहेत. त्या वाचल्यावर कारवाँवरचं कुठलंही दालन उघडा, तुम्हाला एक दार कमी असल्याचं जाणवत राहील. सारेगामाला हे अवघड नव्हतं. तबकड्या तिच्या, जुने कागद तिचे. 'सेबास्टियन' असं एक दालन केलं असतं, तर शंकर-जयकिशन आणि नय्यर यांच्यात आपल्याला जे साम्य कधी कधी उगाच भासतं, ते का भासतं हे लोकांना कानानंच कळलं असतं. उत्तम संपादन याला म्हणतात. इथे ते झालं नाही.

भावनांची दालनं तर मला मुळीच मान्य नाहीत. आनंदी, उदास, प्रेम. हे दुकानातल्या मसाल्यांच्या बरण्यांसारखं आहे. 'हम दोनो'मध्ये देव आनंद सिगारेटचा धूर सोडत जे गाणं गातो, ते कोणत्या बरणीत घालायचं? चाल बेफिकीर आहे, शब्दांत सगळं गमावल्याची नोंद आहे, आणि त्या दोन्हींत जे अंतर आहे त्यात गाणं आहे. साहिरची निम्मी गाणी अशीच आहेत. विराणीला आपण 'उदास' म्हणत नाही, तिला स्वतःचा शब्द आहे. फोनवरची ॲपं तर याच्याही पुढे जाऊन व्यायामाची गाणी, झोपेची गाणी अशा याद्या करतात, तेव्हा त्या मानानं हा डबा सभ्यच. तरीही आई ही दालनं कधी उघडत नाही. "काय वाटायचंय ते आधी कसं ठरवू?" असं ती म्हणते.

'गीतमाला'चं दालन याच्या अगदी उलट आहे. तिथे अमीन सायानींचा आवाज आहे, आणि त्या आवाजाभोवती थोडा इतिहास गोळा करून बसायला हरकत नाही. बिनाका गीतमाला १९५२च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर सुरू झाली. दर बुधवारी रात्री ८ वाजता. ती सिलोनवर गेली कारण आकाशवाणीवर सिनेसंगीताची कोंडी झाली होती, आणि ती करणारे नभोवाणीमंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्यात जन्मलेला मराठी माणूस. शास्त्रीय संगीताबद्दल त्यांचा जिव्हाळा खरा होता. आकाशवाणीचं राष्ट्रीय संगीत संमेलन आणि शनिवारी रात्रीची शास्त्रीय मैफल त्यांच्याच काळातली. पण सिनेगीत म्हणजे अभिरुचीचा ऱ्हास, असंही त्यांचं ठाम मत होतं. सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात, म्हणून ते सांगायचं नाही, अशा अटींवरून निर्मात्यांशी बिनसलं आणि लोकांनी रेडिओची सुई कोलंबोकडे फिरवली. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ला, विविध भारती सुरू करून सरकारनं एक प्रकारे हार मान्य केली. केसकरांची चेष्टा करणं आता सोपं आहे. पण त्यांच्या बाजूनं एक गोष्ट बोलायला हवी: ते उघडपणे सांगत होते की तुम्ही काय ऐकावं हे मी ठरवतोय. भांडायला समोर माणूस होता, त्याला शिव्या देता येत होत्या, आणि लोकांनी त्या पोटभर दिल्या.

कारवाँतली गीतमाला ऐकताना एक विचित्र गोष्ट होते. सायानी एखाद्या गाण्याची पायरी इतक्या उत्कंठेनं चढवतात की आपणही श्वास धरतो, आणि मग आठवतं की बुधवारची वाट बघायची नाहीये, पुढचं बटण दाबलं की झालं. उत्कंठा गेली, आवाज उरला. तो आवाज २०२४च्या फेब्रुवारीत कायमचा थांबला. आई त्या दिवशी हे दालन लावून बसली होती.

तर, काय ऐकायचं ते पूर्वी मंत्री ठरवत होते. या डब्यात कोण ठरवतं?

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई (आम्ही दोघी एकमेकींना ताईच म्हणतो, आईला त्या आजी म्हणतात) पहिले काही दिवस डब्याकडे नुसत्या बघत होत्या. मग एकदा भांडी घासता घासता म्हणाल्या, "ताई, याच्यात 'आशिकी'ची गाणी हायेत का? जुनीच तर हायेत ती बी." मी बटण फिरवलं. नव्हती. त्या म्हणाल्या, "एवढ्या पाच हजारात नाहीत?" प्रश्न रास्त होता. 'आशिकी' १९९०चा. त्या वर्षी ताई सोळा-सतराच्या असतील. अनुराधा पौडवाल आणि कुमार सानू यांच्या आवाजातल्या त्या गाण्यांना आता पस्तीस वर्षं होतील. आईला 'अनारकली' जितकी जुनी, तितकीच त्यांना 'आशिकी'. पण ती गाणी टी-सीरिजची आहेत, सारेगामाची नाहीत. म्हणून त्या डब्यात त्या मुलीचं सोळावं वर्ष नाही.

मग मी जरा मोजदाद करायला लागले. 'शोले' नाही, कारण १९७५ला त्याची तबकडी पॉलिडॉरनं काढली होती. ज्या सिनेमाच्या नुसत्या संवादांच्या तबकड्या गणपतीच्या मांडवात वाजायच्या, तो सिनेमा या आठवणींच्या डब्यात नाही. 'कुर्बानी' नाही, तेच कारण. 'कयामत से कयामत तक' नाही, ती पुन्हा टी-सीरिज. 'साजन' नाही, तो व्हीनसचा. सत्तरच्या दशकापर्यंत एचएमव्हीचं राज्य जवळपास एकछत्री होतं, त्यामुळे त्या काळापर्यंतचा कारवाँ भरगच्च आहे. नंतर मात्र तो विरळ होत जातो, जसं काही ऐंशीनंतर लोकांनी गाणी ऐकणंच कमी केलं. वस्तुतः झालं नेमकं उलटं. कॅसेट आली. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या पुस्तकात हे तपशिलानं मांडलंय: तबकडी वाजवायला जे महाग यंत्र लागायचं ते ज्यांच्या घरात कधीच नव्हतं, त्यांच्या हातात पहिल्यांदा गाणं आलं. गुलशन कुमार यांनी स्वस्त कॅसेटी पानाच्या ठेल्यावर आणि किराण्याच्या दुकानात नेऊन ठेवल्या. जुन्या गाण्यांची दुसऱ्या गळ्यांतून नक्कल करून विकली, कायद्याच्या फटीतून. हे सगळं फार सोज्वळ नव्हतं. पण गावोगावच्या छोट्या कंपन्यांनाही त्याच लाटेत जागा मिळाली. महाराष्ट्रात भीमगीतं, लोकगीतं, गोंधळ, पालखीची गाणी यांचं मोठं जग मेळ्यांतून, जयंतीच्या मांडवांतून आणि अशाच कॅसेटींतून फिरलं. वामनदादा कर्डक गावोगाव जाऊन गायले. त्यांचे शब्द लोकांच्या वह्यांत आणि गळ्यांत राहिले, एका कंपनीच्या तळघरात नव्हे.

सारेगामानं दुसऱ्याची गाणी का घालावीत, असं कुणी विचारेल. घालू नयेत, कायद्यानं घालताही येत नाहीत. माझी तक्रार त्याबद्दल नाही. मालाच्या यादीला आठवण म्हणून विकण्याबद्दल आहे. हा डबा 'आमच्या कंपनीची पाच हजार गाणी' म्हणून येत नाही. तो 'तुमचा तो काळ' म्हणून येतो. ज्यांच्या घरी ग्रामोफोन किंवा निदान रेडिओ होता, त्यांचा काळ त्यात बराचसा सापडतो. ज्यांच्या घरी संगीत कॅसेटीवरून आलं, त्यांचा सापडत नाही. आणि तरीही दोघांनाही सांगितलं जातं की जुना जमाना म्हणजे हा. केसकरांचा निदान चेहरा दिसत होता. करारांना चेहरा नसतो.

आणि जे आहे, ते कोणत्या रूपात आहे हाही प्रश्न उरतोच. याचं उत्तम उदाहरण हिंदीत नाही, मराठीत आहे. गीतरामायण १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. वर्षभरात ५६ गीतं, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. तेव्हा ती एकट्या फडक्यांनी गायली नव्हती. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, लता मंगेशकर होत्या. पात्राप्रमाणे गळे बदलत होते. ते एक नाट्य होतं. पुढे एचएमव्हीनं ध्वनिमुद्रिका काढल्या त्या सगळ्या बाबूजींच्या आवाजात, आणि त्याच घरोघरी गेल्या. त्या अप्रतिम आहेत याबद्दल वाद नाही. पण त्यामुळे आज मराठी माणसाला विचारलं, गीतरामायण कुणी गायलं, तर तो एकच नाव सांगतो. तबकडीनं प्रसारणाला झाकून टाकलं. आई त्या वर्षी सात वर्षांची होती. शेजारच्या वाड्यातल्या रेडिओसमोर बसून ऐकलेली सीता तिला अजून माणिकबाईंच्या आवाजात आठवते. तिच्या नातवंडांना ती सीता कुठल्याच डब्यात मिळत नाही, त्यांच्यासाठी सीताही बाबूजींच्याच आवाजात बोलते.

'आशिकी'च्या प्रश्नानंतर आठवडाभरानं ताई एक पेनड्राइव्ह घेऊन आल्या. त्यांच्या मुलानं भरून दिला होता. नाक्यावरच्या मोबाइलच्या दुकानात 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी असायची ते दिवस आता मागे पडले, पण मुलं घरच्या घरी हे करतात. त्यात 'आशिकी' होता, 'दिल' होता, 'साजन' होता, प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं होती, भीमगीतांचा एक मोठा फोल्डर होता आणि हळदीला लावतात तसली ढणढणीत रिमिक्सही होती. हक्कांचं म्हणाल तर त्यातलं एकही गाणं कायद्यानं तिथे असायला नको. डब्याच्या मागच्या खाचेत तो बसला आणि सारेगामाच्या जाळीतून टी-सीरिज वाजायला लागली. ताईंनी नळ बंद केला आणि दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या. मग आईकडे बघून म्हणाल्या, "आजी, हे आमचं." आईनं पूर्ण गाणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हिचा आवाज गोड आहे गं, त्याचा नाकातून येतो." त्यावर दोघींची जी जुंपली ती मी इथे देत नाही, पण कुमार सानूची बाजू ताईंनी खंबीरपणे लढवली एवढं सांगते.

कारवाँच्या संपादकांचं एक काम मला मनापासून आवडलं असेल तर ती खाच. मूळ ग्रंथात जे बसलं नाही त्यासाठी कोऱ्या पानांचं परिशिष्ट जोडून ठेवावं, तसं काहीसं. त्यांनी ते कदाचित विक्रीच्या सोयीसाठी केलं असेल. पण आमच्या घरात आता मुख्य ग्रंथाइतकंच परिशिष्ट वाचलं जातं.

मध्यंतरी आईनं तिच्या भजनी मंडळाचं एकादशीचं भजन फोनवर रेकॉर्ड केलेलं मला दिलं, "हेही घाल त्यात" म्हणून. बारा बायका, एक पेटी, टाळ जरा पुढेमागे, मधेच कुणाचा तरी फोन वाजतो. मी ते त्याच पेनड्राइव्हवर टाकलं. आत गाणी फायलींच्या इंग्रजी नावांच्या क्रमानं लागतात, त्यामुळे 'आशिकी' संपला की भजनी मंडळ सुरू होतं आणि मंडळ संपलं की भीमगीतं. ताई सकाळी आल्या की पेनड्राइव्हचं बटण दाबतात आणि मंडळाची पाळी आली की आईला हाक मारतात, "आजी, तुमचं लागलं."